तालुक्याच्या गावातील रोटरी क्लब : वर्षभरासाठी कोणते प्रकल्प घ्यावेत आणि सभासदांना कामात कसे गुंतवावे?

प्रश्नकर्ता : नियोजित अध्यक्ष, सोलापूर जिल्हा

सर्वांना सप्रेम नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा रोटरी क्लब असून येत्या १ जुलैपासून वर्षभरासाठी अध्यक्षपदाची जबाबदारी माझ्याकडे येत आहे. सभासद पस्तीसच्या आसपास आहेत. त्यांत डॉक्टर, अडते, शिक्षक, वकील, बांधकाम व्यावसायिक, औषध दुकानदार अशी नेहमीची मंडळी आहेत. साप्ताहिक सभेला दहा-बारा जण उपस्थित असतात. पदग्रहण समारंभाला आणि कोजागरीला मात्र झाडून सगळे सहकुटुंब येतात.

पूर्वतयारी म्हणून मी मागील काही वर्षांच्या फायली चाळल्या. वह्यावाटप, रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, नेत्रतपासणी, शिक्षकदिनाचे पुरस्कार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेला दिलेले पाणी शुद्धीकरण यंत्र असा एकूण क्रम दिसतो. यंत्र पाहण्यासाठी शाळेत गेलो असता क्लबचे नाव कोरलेली फरशी लखलखीत होती, नळ मात्र कोरडा होता. फिल्टर बदलण्याचा खर्च आणि यंत्राचे वीजबिल कोणी भरायचे हे देताना कोणी ठरवलेच नव्हते, त्यामुळे मुले पूर्वीप्रमाणेच घरून बाटल्या भरून आणतात. दर जुलैला नवा अध्यक्ष येतो आणि नवी यादी करतो. जुन्या कामाकडे वळून पाहणे कोणाच्याच वाट्याला येत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

वर्गणीतून दैनंदिन खर्च भागल्यानंतर आणि स्थानिक देणग्या धरून प्रकल्पांसाठी साधारण तीन लाख रुपये उभे राहू शकतात. एवढ्या रकमेत कोणते काम घ्यावे, आणि केवळ धनादेश देऊन मोकळ्या होणाऱ्या सभासदांना प्रत्यक्ष कामात कसे आणावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ : माजी अध्यक्ष, सातारा जिल्हा

आपले अभिनंदन. नवीन काही शोधण्याआधी आपल्याच यादीतील रक्तदान शिबिराकडे नीट पाहावे, असे मी सुचवीन. बहुतेक क्लब हे शिबिर १५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला घेतात, कारण त्या दिवशी सुट्टी असते आणि पाहुणेही सहज मिळतात. परंतु त्याच दिवशी गावोगावी शिबिरे होत असल्याने रक्तपेढीत एकदम साठा होतो. तांबड्या पेशी साधारणपणे ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट तर जेमतेम ५ दिवस. याउलट एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, लोक गावी गेलेले असतात आणि नेमकी तेव्हाच टंचाई होते. म्हणून तारीख आपण ठरवण्याऐवजी रक्तपेढीला विचारावी आणि एका मोठ्या शिबिराऐवजी वर्षात तीन-चार लहान शिबिरे घ्यावीत. पुरुषांना ९० दिवसांनी आणि महिलांना १२० दिवसांनी पुन्हा रक्तदान करता येते, त्यामुळे तेच दाते परत बोलावता येतात. यासाठी दात्यांची यादी जपणारा एक सभासद लागतो, पैसा जवळजवळ लागत नाही.

आता दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग. शिबिरात टेबलावर निळ्या द्रावणाची बाटली ठेवलेली असते. बोटाच्या टोकाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब त्यात सोडतात. तो तळाशी गेला तर हिमोग्लोबिन पुरेसे आहे असे मानतात आणि तरंगला तर दात्याला परत पाठवतात. (काही रक्तपेढ्या आता यंत्रावर मोजतात.) रक्तदानासाठी हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला (१०० मि.लि. रक्तात) किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. आपल्या शिबिरात तास दोन तास त्या टेबलाशेजारी उभे राहून पाहा : उत्साहाने आलेल्या महिलांपैकी कितीतरी जणी तेथूनच मागे फिरतात, त्यांना एक केळे आणि बिस्किटाचा पुडा दिला जातो आणि अहवालात त्यांची नोंदसुद्धा होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय (हिमोग्लोबिन कमी असणे) आहे. म्हणजे आपल्या तालुक्यातील रक्तक्षयाची समस्या स्वतःच्या पायांनी चालत आपल्या मंडपात येते आणि आपण तिला बिस्किटे देऊन निरोप देतो.

या महिलांची, त्यांच्या संमतीने, स्वतंत्र नोंद ठेवावी. क्लबमधील डॉक्टरांनी त्यांची रीतसर तपासणी करावी, लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळवून द्याव्यात आणि तीन महिन्यांनी पुन्हा हिमोग्लोबिन पाहावे. गोळ्या सरकारी यंत्रणेकडे असतात. कमी पडतो तो पाठपुरावा. तो करायला आपल्याकडे पस्तीस माणसे आणि त्यांच्या घरच्या मंडळी आहेत. वर्षअखेरीस किती बाटल्या रक्त जमले याऐवजी किती जणींचे हिमोग्लोबिन वाढले हे सांगता आले, तर तो अहवाल प्रांतपालही (आपल्या भागातील सर्व रोटरी क्लबांचे प्रमुख) दोनदा वाचतील.

उत्तर २ : लायन्स क्लब सभासद, सांगली जिल्हा

मी लायन्स या रोटरीसारख्याच दुसऱ्या सेवासंस्थेचा असल्यामुळे या चर्चेत पाहुणाच आहे. तरी दृष्टीचा विषय निघाला की आम्हाला राहवत नाही. अंध आणि बधिर असलेल्या अमेरिकन लेखिका हेलन केलर यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातील अधिवेशनात लायन्सना अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले, तेव्हापासून ते काम आमच्याकडे चालत आले आहे.

नेत्रतपासणी शिबिराबद्दल एवढेच म्हणेन की तपासणी गावात करावी, परंतु मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयातच व्हावी. खरे काम तपासणीनंतर सुरू होते. ज्या आजोबांना तारीख मिळाली आहे त्यांना सकाळी घरून घेऊन जाणारे, संध्याकाळी परत सोडणारे आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा तपासणीला नेणारे कोणी नसेल तर यादीतील निम्मी नावे रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. गाडी आणि चालक एवढी जबाबदारी जरी आपल्या सभासदांनी पाळीपाळीने घेतली तरी पुष्कळ झाले.

नेत्रदानाचेही तसेच आहे. संकल्पपत्रे भरून घेणे सोपे असते. प्रसंग येतो तेव्हा घरात रडारड चालू असते आणि ते पत्र कोणाला आठवत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपटल (कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा) काढावे लागते. तोपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा, एवढे शेजाऱ्याला माहीत असले तरी पुरते. आमच्या गावात अंत्यविधीचे साहित्य विकणाऱ्या दुकानदाराकडेच नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लावून ठेवला आहे, कारण निरोप सर्वांत आधी त्यालाच जातो. या कल्पनेचे श्रेय आमच्या एका वयस्कर सभासदाचे आहे. सभेत ते बहुधा डुलकी घेत असतात.

उत्तर ३ : खजिनदार आणि सनदी लेखापाल, पुणे

वरील दोन्ही सूचना उत्तम आहेत. मी फक्त पैशांविषयी लिहितो, कारण बहुतेक क्लबांत भांडणे तेथेच होतात.

सभासदांची वर्गणी आणि प्रकल्पासाठी आलेली देणगी यांची बँक खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत. शाळेसाठी मिळालेल्या रकमेतून पदग्रहणाच्या जेवणाचे बिल ‘तात्पुरते’ भागवले जाते आणि ते तात्पुरतेपण पुढच्या अध्यक्षाच्या गळ्यात पडते. देणगीदाराला देणगीवर प्राप्तिकरात सवलत (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) हवी असेल तर ज्या न्यासाला ती मान्यता आहे त्याच्याच नावे पावती द्यावी लागते. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, हे अडत बाजारातील आपल्या मित्रांना आधीच सांगावे. साखर कारखाना किंवा एखादी कंपनी सामाजिक दायित्वाचा निधी देऊ इच्छित असेल तर त्या न्यासाची त्यासाठीची स्वतंत्र नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव पाहिला जातो. दरवर्षी प्रकल्प बदलणारा क्लब याच अटीवर अडतो.

रोटरी फाउंडेशन या रोटरीच्याच निधी देणाऱ्या संस्थेच्या ग्लोबल ग्रँटसाठी (मोठ्या आंतरराष्ट्रीय अनुदानासाठी) प्रकल्पाचे अंदाजपत्रक किमान ३०,००० डॉलरचे असावे लागते, परदेशातील सहयोगी लागतो आणि गावाची गरज अर्ज करण्यापूर्वी तपासून लिहावी लागते. पहिल्याच वर्षी त्याच्या मागे लागू नये. डिस्ट्रिक्ट ग्रँट (रोटरीच्या आपल्या प्रांतामार्फत मिळणारे अनुदान) लहान असते आणि आपल्या आवाक्यातील आहे. मात्र आधी झालेला खर्च त्यातून भरून मिळत नाही, म्हणून मंजुरीपूर्वी खरेदी करू नये. आणि शाळेला कोणतेही यंत्र द्यायचे असेल तर पुढील तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम बाजूला काढल्याशिवाय, तसेच ती कोणी खर्च करायची याचा कागद मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या सह्यांनी झाल्याशिवाय देऊ नये. पैसे कमी पडत असतील तर दोन यंत्रांऐवजी एकच द्यावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. रक्तक्षयाचे काम आमच्या डॉक्टर सभासदांपुढे मांडले असता दोघांनी तत्काळ होकार दिला, आणि शाळेतील बंद यंत्र आधी दुरुस्त करण्याचेही ठरले आहे. उपस्थितीचा प्रश्न मात्र तसाच राहतो. वक्त्याचे भाषण आणि चहा यांपलीकडे सभेत काही घडत नाही अशी तरुण सभासदांची तक्रार आहे; ज्येष्ठांना साप्ताहिक सभा मोडणे मान्य नाही. आणि औषधांशी संबंध नसलेल्या सभासदांना काय काम द्यावे?

उत्तर ४ : माजी सचिव, बीड जिल्हा

सभेबाबत ज्येष्ठांना सांगावे की २०१६ पासून रोटरीने क्लबांना यात मोकळीक दिली आहे. महिन्यातून किमान दोन वेळा भेटणे आवश्यक आहे आणि ते भेटणे सभागृहातच व्हावे असेही नाही. आमच्या क्लबने एक सभा सभागृहात आणि एक कामाच्या जागी असा पायंडा पाडला. ज्यांना भाषणाचा कंटाळा होता ते दुसऱ्या सभेला येऊ लागले. ज्यांना गुडघ्यांचा त्रास होता ते पहिल्या सभेला येत राहिले. कोजागरी, सहल, क्रिकेटचे सामने हे बंद करण्याच्या फंदात पडू नये. घरोबा असल्याशिवाय माणूस रविवारी सकाळी फावडे घेऊन येत नाही.

महिलांना सभासद करून घेतले आहे का, हे आपण लिहिलेले नाही. रोटरीने १९८९ मध्येच जगभरातील क्लबांना दारे उघडली, तरी तालुक्याच्या गावी अजूनही पुष्कळ ठिकाणी पत्नी ‘ॲन’ (रोटरीत सभासदाच्या पत्नीला म्हणतात ते नाव) म्हणून कार्यक्रमाला येतात आणि रांगोळी, स्वागत, सूत्रसंचालन एवढ्यावर त्यांची बोळवण होते. रक्तक्षयाचे काम घ्यायचे असेल तर मुख्याध्यापिका, परिचारिका, बचत गट चालवणाऱ्या बाई यांना पूर्ण सभासदत्व द्या. घरोघरी पाठपुरावा त्या करतील, तुमचे अडते करणार नाहीत.

अडते आणि बांधकाम व्यावसायिकांसाठी वनराई बंधारा, म्हणजे नाल्यावर पोत्यांचा तात्पुरता बांध, सुचवतो. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नाल्याला धार असतानाच तो घालावा लागतो. सिमेंटची रिकामी पोती तेथलीच माती आणि वाळू भरून शिवायची आणि विटांसारखी सांधेमोड करून (सांध्यावर सांधा येऊ न देता) रचायची. मधल्या फटीत चिकण माती ठोकून बसवायची. तीन-चार फूट उंचीचा बांध ग्रामस्थ आणि पंधरा-वीस सभासद मिळून एका दिवसात घालतात. अडलेले पाणी आजूबाजूच्या विहिरींना, रब्बीला आणि जनावरांना उपयोगी पडते. जागा ठरवताना ग्रामपंचायतीला विचारात घ्यावे आणि कृषी सहायकाला बरोबर न्यावे. पुढच्या पावसाळ्यात हा बांध वाहून जातो, हे खरे. म्हणून तो दरवर्षी घालावा लागतो आणि त्यामुळेच अध्यक्ष बदलला तरी काम बदलत नाही. आमच्याकडे ज्या गावात बंधारा घालतो तेथील लोक आता दसरा झाला की स्वतःहून विचारायला येतात.

बांधकाम करणाऱ्या सभासदांना पोत्यांविषयी जूनमध्येच सांगून ठेवावे. एकदा ती भंगारवाल्याकडे गेली की ऐन वेळी नगाप्रमाणे विकत घ्यावी लागतात.