डिसेंबरची बडोदे-भेट: मुलांना काय दाखवावं?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात मंडळातली आम्ही पाच कुटुंबं मुलांना घेऊन बडोद्याला जातोय. लक्ष्मी विलास राजवाडा ठरलाच आहे. बाकी दोन दिवस मोकळे आहेत. मावशी, तुम्ही परत जाऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात राहताय, तुम्हीच सांगा.
– सहलीचं बघणारा

*

बाळा,
राजवाडा दाखव, पण शेवटच्या दिवशी. तो आधी पाहिला की बडोदे म्हणजे राजाचं घर एवढंच मुलांच्या डोक्यात राहतं.

पहिल्या सकाळी जुन्या शहरातल्या मांडवीला या. १७३४ मध्ये हे गाव गायकवाडांकडे आलं, आणि मग सरदारांमागून कारकून, भटजी, शिलेदार असे आपले लोक येत राहिले. त्यातल्याच एका दिवाणांचा तांबेकर वाडा आमच्या जवळच आहे. आतल्या भिंतींवरची चित्रं बघा, उघडा मिळाला तर सोडू नका.

मग मध्यवर्ती ग्रंथालय. इथे घाई करू नका. पुस्तकांच्या दालनात मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ १८७५ मध्ये राजघराण्यात दत्तक आला आणि सयाजीराव झाला. त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात नेलं. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर अक्षरओळख पुसली जाते. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन हे ग्रंथपाल बोलावले, आणि लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं खेडोपाडी जायला लागली. मला या शहराचा सगळ्यात मोठा अभिमान त्या पेट्यांचा आहे.

दुपारी सयाजी बाग, आमची कमाटी बाग. झू आणि म्युझियम मुलं स्वतःच शोधतील. एका झाडाखाली मात्र त्यांना बसवून सांग: महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेले आंबेडकर १९१७ मध्ये इथे नोकरीवर आले, तेव्हा त्यांना राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते या बागेत थांबले आणि मुंबईला परतले. राजा चांगला होता, पण शहराने दार लावलं. त्या शहरात आपल्या मराठी आळ्याही होत्या. हे गाळून बडोदे दाखवू नकोस.

पोटापाण्याचं म्हणशील तर दोन काळ आहेत. राजाच्या काळात १८९० चं कलाभवन (सिनेमावाले दादासाहेब फाळके तिथेच शिकले) आणि १९०८ ची बँक ऑफ बडोदा. साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी आली, मागून खतं आणि पेट्रोकेमिकल. आमच्या वाड्यातले तिघे रिफायनरीतच लागले.

संध्याकाळी शेव-उसळ खा. उसळ आपली, शेव गुजरातची, वर लाल तरी. मिसळीशी तुलना करत बसू नका, ते वेगळंच प्रकरण आहे. घरी न्यायला लीलो चेवडो, म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा, घ्या.
– मावशी

*

मावशी, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. बागेतली गोष्ट मुलांना मीच सांगेन. दोन शंका: हॉटेल विश्वामित्री नदीजवळ मिळतंय, मगरींची भीती नाही ना? आणि मुलांचं मराठी तिथे चालेल?

*

नदीत मगरी आहेत, खऱ्या. पुलावरून बघा, काठावर उतरू नका. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या रस्त्यांवरही आल्या होत्या. आमच्या तळमजल्यावरची दोन कपाटं पुस्तकं त्याच पाण्यात गेली. डिसेंबरात पुराची काळजी नाही, हॉटेल घ्या.

मराठी चालेल. आमच्याकडे घरात मराठी, ओट्यावर गुजराती, आणि भांडण लागलं की दोन्ही. खंडेराव मार्केटात मुलांना स्वतः भाजी घ्यायला लाव, भाव मराठीत विचारू देत.

दुसऱ्या रात्री सगळे माझ्याकडे जेवायला. एकूण किती जण आणि तिखट कोण खात नाही, तेवढं आधी कळव.
– मावशी