युगांडात पाऊस नक्की कधी असतो? जूनमध्ये कंपालाला जायचंय

वारजेकर८८
नमस्कार मंडळी, माझं पोस्टिंग कंपालाला होतंय, ठिबक सिंचनाचं काम आहे. मी जूनमध्ये निघतोय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी ऑगस्टमध्ये येतील. घरी सगळे म्हणतायत विषुववृत्तावर भाजून निघशील, आणि नेटवर बघावं तर बाराही महिने २७-२८ च दिसतंय. पावसाचंही कळेना, एकीकडे दोन पावसाळे लिहिलेत, दुसरीकडे वर्षभर पाऊस. तिथे राहिलेलं कुणी आहे का इथे? कपडे काय न्यायचे आणि तिथल्या शेतकऱ्याचा हंगाम कधी असतो, दोन्ही सांगा प्लीज.

एरंडवण्याची शलाका
आम्ही बरीच वर्षं होतो कंपालात. आधी घरच्यांना सांगा, भाजायबिजायचं काही नाही! शहर समुद्रसपाटीपासून जवळपास १२०० मीटरवर आहे, म्हणजे पुण्याच्या दुप्पट उंच, त्यामुळे ऊन डोक्यावर असलं तरी हवा तापत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो तसं तिथे होत नाही, आमच्या घरात एसी नव्हता आणि कधी लागलाही नाही. रात्री १७-१८ पर्यंत उतरतं, पातळ पांघरूण आणि एकेक स्वेटर हवाच.

उन्हाळा-हिवाळा विसरा, तिथे सगळं पावसावर चालतं. एक पाऊस मार्च ते मे, त्यात एप्रिल सगळ्यात जोरात, दुसरा सप्टेंबर ते नोव्हेंबर, कधी डिसेंबरातही लांबतो. मधले महिने त्यातल्या त्यात कोरडे, त्यामुळे तुमची जूनची वेळ चांगली आहे. पण कोरडे म्हणजे आपल्या फेब्रुवारीसारखे नाहीत हं, मधेच सर येतेच.

आणि पाऊस आपल्यासारखा दिवस-दिवस रिपरिपत नाही. बघता बघता आभाळ काळं होतं, समोरची टेकडी दिसेनाशी होते, तास-दीड तास नुसतं कोसळतं, बोडावाले म्हणजे तिथले मोटरसायकल टॅक्सीवाले गिऱ्हाइकासकट पेट्रोल पंपाच्या छपराखाली जाऊन उभे राहतात, आणि मग लख्ख ऊन. माती तांबडी आहे, डाग निघत नाहीत, पांढरे बूट इथेच ठेवा आणि लेकीला गमबूट घ्या.

नकाशावेडा
शलाकाताईंनी छान लिहिलंय, फक्त एक भर. पाऊस दुपारीच येतो असं धरून चालू नका. व्हिक्टोरिया सरोवर जवळपास ६८,८०० चौ. किमी आहे, महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून मोठं. रात्री जमीन लवकर गार होते, पाणी उबदार राहतं, मग वारे चहूबाजूंनी सरोवराकडे वाहतात आणि पाण्यावर ढग उभे राहतात. तेच वादळ पहाटे-सकाळी एंटेबे-कंपालाच्या बाजूला सरकतं. एंटेबेहून सकाळचं विमान असेल तर हाताशी वेळ ठेवून निघा. विजा भरपूर पडतात, आभाळ भरून आलं की मुलीला मैदानात थांबू देऊ नका.

दोन पावसाळ्यांचं म्हणाल तर पावसाचा पट्टा सूर्यामागे थोडा उशिराने फिरतो, आणि मार्च आणि सप्टेंबरात सूर्य विषुववृत्तावर असतो. जून-जुलैत हाच पट्टा उत्तरेला सरकतो, तेव्हा आपल्याकडे मान्सून असतो आणि कंपाला जरा मोकळं होतं.

बारामती अॅग्री
दादा, कामाचं मी सांगतो. युगांडा म्हणजे सगळा एकच हंगाम नाही, आधी तुमचा एरिया कुठला ते कंपनीला विचारा. दक्षिणेत मका आणि बीन्सची दोन पिकं निघतात, मार्चमध्ये पेरलेलं जून-जुलैत, आणि ऑगस्टअखेर-सप्टेंबरात पेरलेलं डिसेंबर-जानेवारीत. मटोकेची, म्हणजे शिजवून खायची केळी बारमाही. वर उत्तरेत गुलूकडे गेलात की एप्रिल ते ऑक्टोबर एकच लांब हंगाम, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी जमीन अगदी सुकलेली. ईशान्येला कारामोजात तर पाऊस कमी आणि बेभरवशाचा, लोक मुख्यतः गुरांवर जगतात. माझ्या मते ठिबकचा डेमो डिसेंबर-फेब्रुवारीतच लावा, भाजीपाल्यावर लावा, एप्रिलच्या पावसात शेतकरी तुमच्या नळ्यांकडे बघणारसुद्धा नाही.

आणि पावसाच्या तारखांवर फार भिस्त ठेवू नका. २०१९ ला हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू जास्त तापली होती, तेव्हा तिकडचा दुसरा पाऊस डिसेंबरपर्यंत धो धो चालला, पुढच्या मे महिन्यात व्हिक्टोरियाची पातळी विक्रमी वाढली, काठची घरं-शेतं पाण्यात गेली. आपल्याकडचा पाऊसही त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला होता.

वारजेकर८८
खूप खूप आभार सगळ्यांचे, आईला सगळं वाचून दाखवलं. एरिया बहुतेक लिरा, म्हणजे उत्तरेतच ना? आणि मच्छरांचं काय?

बारामती अॅग्री
हो, उत्तरच. मग पहिला सीझन मोकळा समजा, तुम्ही पोचाल तेव्हा पाऊस चालूच असेल, तोवर विहिरी, बोअर आणि पंपांची माहिती गोळा करा.

एरंडवण्याची शलाका
मलेरिया बारा महिने आहे, तिघांनीही मच्छरदाणीतच झोपायचं आणि निघण्याआधी डॉक्टरांशी गोळ्यांबद्दल बोलून घ्यायचं. यलो फीव्हरची लस तर लागतेच, सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. परत येताना इथल्या एअरपोर्टवरही ते बघतात, पासपोर्टसोबतच ठेवा.