सोसायटीच्या गोल्फ कार्टला कुठल्या बॅटऱ्या घ्यायच्या? (४८ व्होल्ट, बजेट ६५ हजार, घोडबंदर रोड)

येऊर_पायथा
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी घोडबंदर रोडला, गेट खाली आणि शेवटच्या दोन बिल्डिंगा पार वर, मधे चांगलाच चढ. ज्येष्ठांसाठी सहा सीटची इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट आहे, सीटखाली ८ व्होल्टच्या सहा लेड-अॅसिड बॅटऱ्या. दीड वर्षात सेट बसला. मागच्या मंगळवारी भर पावसात कार्ट चढावर मधेच थांबली, आत डायलिसिसहून परत आलेल्या काकू, दोन वॉचमननी ढकलत वर नेली. काकू एक शब्द बोलल्या नाहीत पण मला रात्रभर झोप नाही. सकाळी सीट उचलून बघितलं तर टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर आणि पाच-सहा सेलमधे (बॅटरीतल्या कप्प्यांत) पाणी इतकं खाली की प्लेटा उघड्या.
आता परत ८ च्या सहा घेऊ की १२ च्या चार? सभेत ६५ हजार मंजूर झालेत, वर एक रुपया नाही. दिवसाला तेरा फेऱ्या, एक फेरी जाऊन-येऊन १.१ किमी.

पामबीच_रायडर
लिथियम टाका आणि मोकळे व्हा. आमच्या नेरुळच्या सोसायटीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक बसवलाय, वजन निम्म्याहून कमी, पाणी घालायची भानगड नाही, चढावर शेवटच्या फेरीलाही तोच जोर. लेड-अॅसिडमधे पैसे घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

येऊर_पायथा
दादा, ६५ हजार. त्यात पॅकही येत नाही, वर चार्जर बदला ते वेगळं.

पामबीच_रायडर
मग परत सभा बोलवा. आमच्याकडेही आधी नाहीच म्हणाले होते.

कळवा_नाका
माझ्या घरी इन्व्हर्टरला १५० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठा) ची ट्युब्युलर बॅटरी आहे, सात वर्षं झाली अजून ठणठणीत. तशा चार घ्या, बजेटमधे बसतील. उगाच लोक इम्पोर्टेडच्या मागे लागतात.

वागळे_फोरमन
कळवा_नाका, घरी तुमचे दोन पंखे आणि चार लाइट, दहा अँपच्या आसपास लोड. कार्टला मी स्वतः क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजायचा) लावून बघितलंय, सपाटीला ५५-६० अँप आणि भरलेली कार्ट चढावर १४० ला टेकते. एवढा करंट ओढला की बॅटरी छापील एएच देतच नाही, कारण छापील आकडा वीस तासात हळूहळू काढलेला असतो. शिवाय उंच ट्युब्युलर सीटखाली बसणारच नाही, आधी टेप घेऊन उंची मोजा. आणि गाडीची बॅटरी तर कोणी फुकट दिली तरी नको, तिच्या प्लेटा पातळ, ती सेल्फ मारण्यापुरती, रोज अर्धी रिकामी केली की काही महिन्यांत संपते.
आता येऊर_पायथा तुमचा हिशोब. १४ किमी रोज, चढ धरून किमीला अडीच एएच म्हणजे ३५-३६ एएच. लेड-अॅसिड रोज अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, म्हणजे ७०-७२ एएच तर हवेतच, आणि जास्त करंटला छापील आकडा मिळत नाही, तेव्हा १०० एएच सुद्धा कसाबसा पुरतो. ट्रोजनची टी-८७५ घेतलीत तर ती ८ व्होल्ट १७० एएच, निवांत चालेल, माझं मत तिलाच. आणि पाणी तपासायची झाकणं दोन्हीत २४ च. ८ ला चार सेल, १२ ला सहा, गुणून बघा.

सानपाडा_सुलभा
आमच्याकडचं ऐका. सहातली एकच गेली होती, दुकानदार म्हणाला ताई एकच बदला, बाकी चांगल्या आहेत. बदलली. तीन महिन्यांत नवीनही गेली कारण जुन्या आधी रिकाम्या व्हायच्या आणि सगळे हाल नवीनचे. दुकानदाराने नंतर फोन उचलला नाही. बदलायचा तर पूर्ण सेट.
आणि पाणी एसीचं घाला, ते डिस्टिल्डच असतं, आम्ही बादली लावून ठेवतो.

खारघर_वारा
ताई एसीचं अजिबात नको, कॉइलवरची धूळ आणि तांब्या-अॅल्युमिनियमचा अंश त्यात उतरतो.

सानपाडा_सुलभा
चार वर्षं घालतोय, काही झालं नाही.

कळवा_नाका
आरओचं चालतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३० आहे आमच्याकडे.

वागळे_फोरमन
३० म्हणजे शून्य नव्हे. डिस्टिल्डचा पाच लिटरचा कॅन काही फार महाग नसतो, त्यावरून वाद कशाला. पाणी कमी झालं तर पाणीच घालायचं, अॅसिड कधीच नाही. घालायचं ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगला अॅसिड उतू येतं, तुमच्या टर्मिनलवरचा हिरवा थर त्यातलाच. प्लेटा उघड्या असतील तरच आधी बुडतील इतपत घाला.

पामबीच_रायडर
म्हणूनच म्हणतो लिथियम. हे सगळं कोण करणार?

माजिवडा_मामा
माथेरानला दस्तुरी नाक्यावरून ई-रिक्षा चढतात, तिथला चढ तुमच्यापेक्षा मोठा. ई-रिक्षाच्या १२ व्होल्टच्या चार घ्या.

खारघर_वारा
घ्या, पण वॉरंटी कार्ड वाचा, ई-रिक्षा लिहिलेलं असेल तर कार्टला क्लेम मिळेल हे बिलावर लिहून घ्या. सहाच्या खणात चार हलतात, त्यांना पॅकिंग आणि क्लॅम्प लागेल, जंपर केबलही नवीन. चार्जर किती अँपचा आहे? २५ चा असेल तर १०० एएच ला जास्त.

येऊर_पायथा
चार्जर १५ चा. स्टिल्टला मोकळ्या हवेत लावतो.

सानपाडा_सुलभा
मीही तेच म्हणते, डिस्टिल्ड वॉटर आणि पूर्ण सेट.

वागळे_फोरमन
पुन्हा सांगतो, १०० एएच काठावर आहे. दुसऱ्या वर्षी क्षमता उतरली की शेवटच्या फेऱ्या रडतखडत होतील. ८ च्या सहा घ्या, पैसे कमी पडले तर थोडं थांबा.

येऊर_पायथा
सगळ्यांचे आभार, खास करून फोरमन काका. तुमचं पटतंय, तरी ई-रिक्षाच्या १२ व्होल्ट, १२० एएच च्या चार घेतल्या. केबल, क्लॅम्प धरून आणि जुना सेट परत देऊन ६१ हजार. थांबणं शक्य नव्हतं, काकूंना आठवड्यातून तीनदा जावं लागतं आणि कार्ट बंद असली की मुलगा खुर्चीत बसवून चढ चढवतो. दुकान मानपाड्यालाच आहे, तो माणूस स्वतः येऊन बसवून गेला आणि वॉरंटीचं बिलावर लिहून दिलं. दोन वर्षं धरून चाललोय, दर महिन्याला पुढच्या सेटसाठी वेगळे पैसे काढायचे हे कमिटीकडून लिहून घेतलंय.
दर सोमवारी २४ झाकणं मी स्वतः उघडणार, वॉचमनवर सोडणार नाही. काल पहिलं चार्जिंग झाल्यावर हायड्रोमीटर (अॅसिडची घनता मोजायची नळी) लावला, सगळे सेल १.२६५ ते १.२७५, रात्रभर ठेवून सकाळी पॅक ५०.८ व्होल्ट. वहीत लिहिलं.

वागळे_फोरमन
रीडिंग छान आहे. चढावर मधे थांबून परत उचलायचं टाळा, करंट तिथेच जातो. सहा महिन्यांनी परत आकडे टाका.

पामबीच_रायडर
दोन वर्षांनी लिथियमच घ्याल बघा.

माजिवडा_मामा
हायड्रोमीटर कुठून घेतलात? आमच्या इथे मिळत नाहीये.

येऊर_पायथा
वागळे इस्टेटला, मामा. काचेचाच घ्या, आतला फ्लोट नीट दिसतो.