मदत हवी आहे: भलत्याच माणसाला हेर समजतात अशी विनोदी पटकथा, मध्यंतरानंतर गाडं अडलंय

शाईवाला

नमस्कार मंडळी,

एका विनोदी हेरपटाची पटकथा लिहितोय. पूर्वार्ध मनासारखा झालाय, उत्तरार्ध हलत नाहीये. इथे चित्रपट बारकाईने पाहणारे आणि स्वतः लिहिणारे बरेच जण आहेत, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

नायक निवृत्त मुद्रितशोधक आहे. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली. आता रोज सकाळी बागेतल्या एका ठरावीक बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतो आणि हाताला सवय असल्यामुळे लाल पेन्सिलीने चुका काढत जातो. वाचून झालं की अंक बाकावरच ठेवून उठतो, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला होईल म्हणून. नेमक्या त्याच बाकावर एक परका हेर निरोप ठेवणार आहे अशी खबर गुप्तचर खात्याला लागलेली असते.

अंक खात्यात पोचतो. 'मंत्रीमंडळ' असं छापलेलं, त्यातली दीर्घ वेलांटी खोडून नायकाने ऱ्हस्व केलेली. खाली आणखी कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ. सांकेतिक लिपीचा तज्ज्ञ ऱ्हस्व म्हणजे टिंब आणि दीर्घ म्हणजे रेघ असं धरतो, तारायंत्राची मोर्स लिपी लावतो, आणि संदेश निघतो! शिवाय खूण थेट मंत्रिमंडळावरच. झालं, पाळत सुरू. शेजारच्या खोलीत भाडेकरू म्हणून एक तरुण अधिकारी येऊन राहते, भिंतीत ध्वनिग्राहक बसतात.

प्रश्न इथून पुढचा. आपल्याला हेर समजतात हे नायकाला कळू द्यावं की नाही? कळलं की तो घाबरणार, पळणार, आणि गोष्ट नेहमीच्या पाठलागाच्या वळणाला लागणार. नाही कळलं तर तो नुसता बाकावर बसून राहतो आणि सगळी धावपळ इतरच करतात. तासभर बसून राहिलेला नायक कोण पाहील?

एक अट आहे, ती सोडायची नाहीये. हसू खात्याचं व्हावं, त्या माणसाचं नाही. एका वेलांटीसाठी जीव टाकणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. त्याला बावळट करून मिळणारा विनोद मला नको.

जाणकारांनी मार्ग सुचवावा. आधीच धन्यवाद.

---

जुनाप्रोजेक्टर

कल्पना आवडली. ऱ्हस्व-दीर्घाचा मोर्स तर फारच.

'कळू द्यावं की नाही' याची दोन्ही उत्तरं पडद्यावर यशस्वी झालेली आहेत, त्यामुळे नियम असा नाही. हिचकॉकच्या १९५९ च्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये जाहिरातवाल्या थॉर्नहिलला सुरुवातीलाच कळतं की आपल्याला कुणी कॅपलन समजतंय. हॉटेलात कॅपलनच्या नावाचा पुकारा चालू असताना तार करायची म्हणून तो नोकराला हाक मारतो, आणि पाहणाऱ्यांची खात्री पटते. पुढे कॅपलनच्या खोलीत जाऊन तो त्याचे कपडे अंगाला लावून बघतो तर ते आखूड. हॉटेलातल्या कुणीच कॅपलनला पाहिलेलंही नसतं, कारण तो अस्तित्वातच नसतो. खात्याने कागदोपत्री उभा केलेला माणूस. पण हा चित्रपट मुळात थरारपट आहे, विनोद त्याला फोडणीपुरता.

तुमच्या जातीचा खरा चित्रपट म्हणजे इव्ह रोबेरचा १९७२ चा फ्रेंच चित्रपट, इंग्रजीत 'द टॉल ब्लॉन्ड मॅन विथ वन ब्लॅक शू' या नावाने ओळखला जातो. पिएर रिशार त्यात व्हायोलिनवादक आहे. गुप्तचर प्रमुख तुलूझला आपल्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेल्या मिलानला खड्ड्यात घालायचं असतं. म्हणून विमानतळावरून कुणीही एक माणूस उचला आणि तो मोठा हेर आहे असं भासवा, असा हुकूम सुटतो. हा बिचारा एक काळा आणि एक तपकिरी बूट घालून उतरलेला, त्याच्यावर बोट पडतं. त्याच्या भोवती माणसं एकमेकांना मारत असतात आणि त्याला पत्ता नसतो. मृतदेह दिसतात ते त्याच्या मित्राला, आणि वेड लागायची पाळी त्या मित्रावर येते.

माझं म्हणणं एवढंच, की तिथे नायक स्थिर असूनही चित्रपट पळतो, कारण गोष्ट त्याची नाहीच. ती तुलूझ आणि मिलानची आहे. चूक ज्याने केली त्याची गोष्ट. तुमच्या उत्तरार्धात खात्यातलं कोण अडचणीत येतंय?

---

शाईवाला

खरं तर कुणीच नाही. खात्यात एक प्रमुख, एक तज्ज्ञ आणि ती शेजारी राहायला आलेली अधिकारी आहेत, पण तिघं एकाच बाजूची. हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. विचार करतो.

---

तिसरीघंटा

जुनाप्रोजेक्टर यांच्याशी अर्धी सहमत.

नायकाला काही कळलं नाही तरी चालेल, पण त्याला काही हवं असलं पाहिजे. १९९७ च्या 'द मॅन हू न्यू टू लिटल'मध्ये बिल मरेला वाटतं की आपण प्रेक्षकांना सामील करून घेणाऱ्या नाटकात काम करतोय. खरे मारेकरी समोर असतात आणि तो त्यांना नट समजून झोकात संवाद टाकत असतो. गैरसमज शेवटपर्यंत टिकतो, तरी तो क्षणभरही नुसता बसलेला नाही, कारण त्याला चांगलं काम करून दाखवायचंय. त्याच्यापाशी घटनांचा स्वतःचा एक अर्थ आहे आणि त्या अर्थाने तो बरोबरच वागतोय.

तुमच्या मुद्रितशोधकाला काय हवंय? माझ्या मते उत्तर तुमच्या पहिल्याच प्रसंगात आहे. अंक बाकावर सोडून देऊ नका. चुका काढलेला अंक तो पाकिटात घालून संपादकाला पाठवत असू दे. दर आठवड्याला, न चुकता. त्याचं एकच म्हणणं: हे सुधारा.

आता खातं ती पाकिटं मधल्यामध्ये पळवतं. संपादकापर्यंत एकही पोचत नाही. नायकाला वाटतं, संपादक आपल्याला उत्तरही देत नाही. म्हणून तो पेटतो. आधी नोंदणीकृत टपाल, मग स्वतः कचेरीत खेटे, मग थेट छापखान्यात. खात्याच्या नजरेत हा हेर दिवसेंदिवस धीट होत चाललाय. प्रत्यक्षात त्याला धीट त्यांनीच केलंय. त्याला काही कळायची गरजच उरत नाही.

आणि तुमची अटही पाळली जाते. असा हट्ट धरणारा माणूस बावळट दिसत नाही.

---

रातराणी_७

तिसरीघंटा, +१. पाकिटं पळवण्याची कल्पना सोडू नका.

---

टिंबरेघ

मोर्सबद्दल थोडं, कारण तुमच्या तज्ज्ञाला यातून पात्र म्हणून वजन येईल.

मोर्समध्ये दोन अक्षरांमधला विराम काढून घेतला की सगळा डोलारा कोसळतो. इंग्रजी 'ई' म्हणजे फक्त एक टिंब आणि 'टी' म्हणजे फक्त एक रेघ. त्यामुळे विराम नसलेली टिंब-रेघांची कुठलीही ओळ वाचता येतेच, आणि अनेक प्रकारे येते. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं ही ओळ घ्या. तीन-तीन-तीन अशी तोडली तर एस, ओ, एस. तीच नऊ चिन्हं चार-एक-चार अशी तोडली तर व्ही, टी, बी. दोन-चार-तीन तोडली तर आय, जे, एस.

वर्तमानपत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्यांना कसला आलाय विराम? म्हणजे तज्ज्ञ कुठे तोडायचं ते स्वतःच ठरवतोय. तो खोटारडा दाखवायची गरज नाही. मनापासून काम करणारा, हुशार माणूस, आणि त्याला जे सापडायला हवंय तेच दर वेळी सापडतंय. शेजारी राहणारी अधिकारी एखाद्या रात्री तीच ओळ वेगळी तोडून बघते आणि तिला किराणा मालाच्या यादीसारखं काहीतरी मिळतं, हा तिच्या शंकेचा पहिला क्षण होऊ शकेल.

---

आडवाशब्द

शाईवाला, तुमची गोष्ट अशक्य वाटेल अशी भीती असेल तर ती काढून टाका. १९४४ मध्ये हे जवळजवळ असंच घडलंय.

'डेली टेलिग्राफ' या ब्रिटिश वृत्तपत्राची शब्दकोडी लिओनार्ड डॉ नावाचे एक मुख्याध्यापक रचायचे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर दोस्तराष्ट्रांनी केलेल्या चढाईच्या आधीच्या आठवड्यांत त्यांच्या कोड्यांच्या उत्तरांत एकामागून एक शब्द आले: युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबरी, नेपच्यून. पहिले दोन किनाऱ्यांचे सांकेतिक शब्द, ओव्हरलॉर्ड सगळ्या मोहिमेचा, मलबरी कृत्रिम बंदरांचा, नेपच्यून आरमारी भागाचा. ब्रिटिश गुप्तचरांनी त्यांना गाठून चौकशी केली आणि शेवटी सोडून दिलं. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं की कोड्यांसाठी शब्द मुलं सुचवायची आणि ते शब्द मुलांनी आसपासच्या सैनिकांकडून ऐकलेले होते.

आणि खरे हेर क्षुल्लक खुणाच वापरतात. १९९४ मध्ये पकडला गेलेला सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स वॉशिंग्टनमधल्या एका टपालपेटीवर खडूची रेघ ओढायचा. २००१ मध्ये सापडलेला एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन एका बागेच्या फलकावर चिकटपट्टी लावायचा. तेव्हा बाकावरची लाल पेन्सिल पाहून संशय घेणारं खातं मूर्ख नाही. ते आपल्या अनुभवाने बरोबर वागतंय, हे प्रेक्षकाला जाणवलं तर विनोद जास्त खोल जाईल.

---

शाईवाला

काय सुंदर माहिती दिलीत सगळ्यांनी! मनापासून आभार.

यातून एक आराखडा दिसायला लागलाय. पाकिटांची साखळी घेतो. नायकाला शेवटपर्यंत काही कळणार नाही. आणि गोष्ट त्या शेजारच्या अधिकारीची करतो. प्रमुखाने या प्रकरणावर बढती घेतलेली, तज्ज्ञाने नाव कमावलेलं, आणि खरं काय ते फक्त तिला कळत जातंय. ती बोलली तर दोघं बुडणार, गप्प बसली तर एका सज्जन माणसाला अटक होणार.

कॅरोल रीडचा १९५९ चा 'अवर मॅन इन हवाना' मी याच कामासाठी पुन्हा पाहिला. त्यात व्हॅक्यूम क्लीनर विकणारा माणूस यंत्राच्या भागांची चित्रं गुप्त शस्त्र म्हणून पाठवतो आणि लंडनमध्ये ती खरी मानली जातात. पुढे मात्र त्या बनावापायी खरी माणसं मरतात. ते वळण तिथे योग्यच आहे, पण माझ्या चित्रपटात कुणी मरू नये असं वाटतं. तरी धोका खरा हवा. ही सांगड कशी घालावी?

---

जुनाप्रोजेक्टर

धोका दाखवा, आणि तो नायकाच्याच हाताने टळू द्या, त्याच्या नकळत. कसा, ते मुद्रितशोधनातलं कुणी सांगू शकेल.

---

समासातला

मी बरीच वर्षं छापखान्यात प्रुफं पाहिली आहेत, म्हणून लिहितो.

तुमच्या कामाच्या खुणा दोन. पहिली, शब्द काढून टाकायची. मजकुरात शब्द खोडायचा आणि समासात खूण करायची. बोलताना आम्ही 'हे उडवा' असंच म्हणायचो. त्या अधिकारीने चहाच्या वेळी सहज विचारावं, "काका, ही खूण कसली हो?" आणि त्यांनी तितक्याच सहज सांगावं, "ही ना? हे उडवा." पलीकडे ध्वनिग्राहकावर कान लावून बसलेल्या माणसाचा चेहरा दाखवा. काका खोटं काही बोललेले नाहीत.

दुसरी खूण तुमचा धोका टाळेल. आधी केलेली दुरुस्ती चुकीची होती, मूळचंच बरोबर, असं लक्षात आलं की खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची. म्हणजे 'आहे तसंच ठेवा'. भेटीला येणाऱ्या एखाद्या परदेशी राजदूताचं नाव बातमीत असू दे. काकांना ते चुकीचं वाटतं, ते खोडतात आणि समासात खूण करतात. खात्यात हलकल्लोळ, काकांना अटक करायला गाडी निघते. इकडे काकांना चैन पडत नाही. चुकीचं नाव सुधारणं जितकं महत्त्वाचं, तितकंच बरोबर नाव न बिघडवणं. ते वाचनालयात जातात, संदर्भग्रंथ काढतात, नाव बरोबर होतं हे पाहतात, आणि धावत येऊन अंकावर त्या नावाखाली टिंबं देतात. त्या खुणेचा अर्थ खात्यात एव्हाना फक्त तुमच्या अधिकारीला ठाऊक आहे, कारण तिने काकांकडून शिकून घेतलाय. 'हल्ला रद्द' असं ती वर कळवते. प्रमुखाची अब्रू वाचते, काका वाचतात, आणि तिला खोटंही बोलावं लागत नाही.

आणखी एक बारकावा. प्रुफावर छापखान्याची चूक एका रंगाने आणि लेखकाने केलेला बदल दुसऱ्या रंगाने दाखवायची पद्धत असते. एके दिवशी काकांची लाल पेन्सिल संपते आणि ते निळी घेतात. खात्यात कुणाच्या डोळ्याला डोळा लागणार नाही. हा प्रसंग मध्यंतराच्या अलीकडे घाला.

खुणांचा एक तक्ता हाताने काढून ठेवतो. कॅमेऱ्यासमोर काकांचा हात दिसणार असेल तर खुणा खऱ्याच दिसायला हव्यात. नटाला पेन्सिल कशी धरायची तेही दाखवता येईल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.