मदत हवी आहे: रेकॉर्डिंग झाल्यावर प्राध्यापक बदल सांगतात, ऑनलाइन अभ्यासक्रमाचं काम कसं सांभाळावं?

पळसफूल:

नमस्कार मंडळी. मी विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या ऑनलाइन शिक्षण कक्षात कंत्राटी समन्वयक आहे. त्याआधी सहा वर्षं तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. सध्या माझ्याकडे चार-चार क्रेडिटचे पाच अभ्यासक्रम आहेत. दिवाळीनंतरच्या सत्रात ते मूडलवर, म्हणजे आमच्या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरवर, सुरू करायचे आहेत. हाताशी व्हिडिओ करणारा एक मुलगा आणि संगणक विभागातून आठवड्याला दोन दिवस येणारे एक सर, एवढीच माणसं.

ग्रामीण अर्थशास्त्राच्या सरांचे १४ व्हिडिओ आम्ही मेच्या मध्यात रेकॉर्ड केले. ग्रंथालयाची जुनी कोठी हीच आमची रेकॉर्डिंगची खोली. पंखा लावला की माईकमध्ये घरघर येते, म्हणून पंखा बंद. बाहेर ४५ अंश. सर दर सात-आठ मिनिटांनी थांबायचे, दुपट्ट्यानं मान पुसायचे, दोन घोट पाणी प्यायचे आणि जिथं सोडलं त्याच वाक्यापासून पुन्हा सुरू करायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस, पण एकदाही कुरकुर केली नाही. म्हणून आधीच सांगते, ही त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

कापसाच्या हमीभावाच्या व्हिडिओत त्यांनी क्विंटलला मध्यम धाग्याचा ७१२१ आणि लांब धाग्याचा ७५२१ रुपये भाव धरला होता. पुढची सगळी आकडेमोड त्याच भावावर. २८ मे २०२५ ला नवे भाव जाहीर झाले, ७७१० आणि ८११०. सर म्हणाले, जुना भाव पोरांपुढे ठेवायचा नाही. खरं आहे त्यांचं. आमची पोरं कापूसवाल्यांच्या घरची, त्यांना भाव तोंडपाठ असतो. पण व्हिडिओ ३८ मिनिटांचा, तो अख्खा पुन्हा करावा लागणार. त्यातच सरांना दुसरं आणि तिसरं युनिट मागेपुढे करायचं आहे, आणि जवळपास प्रत्येक व्हिडिओत "मागच्या भागात आपण पाहिलं" असं वाक्य आहे.

रेकॉर्डिंगच्या आधी मी स्टोरीबोर्ड, म्हणजे कोणत्या व्हिडिओत काय आणि कोणत्या क्रमानं येणार याचा तक्ता, सरांना ईमेलनं पाठवला होता. "पाहून घेतो" म्हणाले, पण पाहायचं राहून गेलं. बाकीच्या चार अभ्यासक्रमांच्या प्राध्यापकांपैकी एका मॅडमनी ७० स्लाइडांची पीपीटी दिली आहे, बाकी काहीच नाही. एक्सेलमध्ये तारखांचा तक्ता करते आणि दर सोमवारी तो पुढे सरकवते.

कागदावर मंजुरी मिळाल्याशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही, हे मला कळतं. पण मी कंत्राटी आणि समोर विभागप्रमुखांच्या वयाची माणसं. त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगू? आणि झालेल्या १४ व्हिडिओंचं काय करू?

यवतमाळकर_पुण्यात:

बारा वर्षं हेच काम करतोय. आधी व्हिडिओंचं बोलतो. दरवर्षी बदलणारी गोष्ट व्हिडिओत बोलायचीच नाही. हमीभाव, कर्जाचा व्याजदर, योजनेची रक्कम हे सगळं मूडलच्या साध्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पाच मिनिटांत आकडा बदलता येईल. व्हिडिओत सरांनी हमीभाव कसा ठरतो आणि तो मिळूनही शेतकऱ्याच्या हातात कमी का पडतो, तेवढंच सांगावं. मग ३८ मिनिटांतला आकडेमोडीचा भाग कापून टाका. उरलेल्याचे पाच-सहा मिनिटांचे तुकडे करा. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरचे व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी सर्वसाधारण विद्यार्थी सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हता. "मागच्या भागात" ही वाक्यंही कापा. तुकडे सुटे झाले की युनिटं हवी तशी लावता येतात. दोनतीन ठिकाणी नुसता आवाज नव्यानं भरावा लागेल, सरांना पुन्हा त्या कोठीत बसवायची गरज नाही.

मंजुरीचं म्हणाल तर ती तुम्ही मागूच नका. कोण काय देणार, कधी देणार आणि सहीनंतर किती बदल चालतील, एवढं एका पानावर लिहा. कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांच्याकडून ते परिपत्रक म्हणून काढून घ्या. मग तो नियम विद्यापीठाचा होतो, तुमचा राहत नाही.

फळा_खडू:

मी स्वतः प्राध्यापक आहे, आमची बाजूही सांगतो. यूजीसीच्या नियमानं सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. वर परीक्षा, नॅकच्या मूल्यांकनाची कामं, प्रवेश समिती. तुमचा स्टोरीबोर्ड आमच्या वेळापत्रकात कुठेच बसत नाही. परिपत्रक काढाच, पण त्यात या कामाचे तास धरायला लावा, नाहीतर कागदावर सही मिळेल आणि काम होणार नाही.

आणि मॅडम, ईमेल करू नका. स्टोरीबोर्डचा चार रकान्यांचा तक्ता पाहिला की आम्हाला तो आणखी एक फॉर्म वाटतो. जाऊन बसा. "या युनिटवर परीक्षेत कोणते पाच प्रश्न विचाराल? पोरं नेमकी कुठे चुकतात?" एवढंच विचारा. पंचवीस वर्षं शिकवलेला माणूस यावर तासभर बोलेल. तुम्ही लिहून घ्या, तक्ता घरी भरा, दुसऱ्या दिवशी वाचून दाखवा. शिकवण्याचा हेतू आणि मूल्यमापन दोन्ही त्यातच येतात.

पर्लकोटा:

ताई, मी भामरागडकडं शिकवून राहिलो. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की पुलावरून पाणी जाते, गाव तुटते, नेटवर्कही जाते. आमच्या पोरांच्या घरी एकच फोन, तोही बापाजवळ, तो रात्री आठनंतर घरी येते. व्हिडिओसोबत नुसता आवाज वेगळा द्या. ३२ केबीपीएसवर १० मिनिटांचा आवाज २.४ एमबीतच बसते. मूडलच्या अॅपात आधी उतरवून घेतलं की नेटशिवाय ऐकता येते. प्रश्नमंजूषाही नेटशिवाय सोडवता येते, पण शिक्षकानं सेटिंगमध्ये ती परवानगी द्यावी लागते. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आठवड्याची मुदत ठेवू नका, पंधरा दिवसांची ठेवा.

पळसफूल:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सरांकडे गेले, लॅपटॉप नेला नाही, फक्त वही नेली. पाच प्रश्न विचारले. पहिल्याच प्रश्नावर सर खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "हमीभाव आणि बाजारभाव यातला फरक पोरं लिहितात बरोबर, पण घरचा कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, का गेला ते त्यांना सांगता येत नाही." सव्वा तास बोलत होते. सहा पानं भरली. आज सकाळी वाचून दाखवलं, सरांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि वहीवरच सही केली. युनिटांचा क्रमही आपोआप सुटला. तिसरं युनिट दुसऱ्याच्या आधी का हवं, ते त्यांच्या बोलण्यातच आलं.

वेचणीच्या मुदतीचं डोक्यातच आलं नव्हतं. आमचं सत्र नेमकं त्याच दिवसांत सुरू होतं, तक्ता आता त्या अंगानं बदलते आहे.

परिपत्रकाचा मसुदा लिहायला घेतला आहे. एका चार क्रेडिटच्या अभ्यासक्रमासाठी विषयतज्ज्ञाचे, म्हणजे शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे, किती तास धरावेत? कुणाच्या विद्यापीठात असा आकडा कागदावर आला असेल तर कृपया सांगा, मला गुरुवारी अधिष्ठात्यांकडे जायचं आहे.