मदत हवी आहे: स्टीव्हन विल्सनचा 'द ओव्हरव्ह्यू' भिडत नाहीये

मार्च 2025 मध्ये आलेला या ब्रिटिश रॉक संगीतकाराचा हा अल्बम मी आतापर्यंत सहा वेळा ऐकलाय. अंतराळवीरांना लांबून पृथ्वी दिसल्यावर जे वाटतं, त्यावरचा अल्बम म्हणून खूप आतुरतेने वाट पाहिली होती. पण मन खट्टू झालं.

पहिला, 23 मिनिटांचा भाग तरी धरून ठेवतो. शेवटाकडचं गिटार तर सुरेखच. अडचण दुसऱ्या, 18 मिनिटांच्या भागाची आहे. सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर एका बाईंचा आवाज तारे आणि अंतरांचे आकडे वाचत जातो, तिथेच माझा धागा तुटतो. विश्वाची भव्यता जाणवण्याऐवजी नुसती यादी ऐकल्यासारखं वाटतं.

शब्द समोर ठेवून, रात्री दिवे मालवून, मध्ये न थांबता सलग, सगळं करून झालं. डॉल्बी ॲटमॉसची (चहूबाजूंनी आवाज येणाऱ्या ध्वनिप्रणालीची) सोय नाही, चांगले स्टिरिओ हेडफोन आहेत. इलेक्ट्रॉनिक संगीताचं वावडं नाही. विल्सनचे 2013 आणि 2015 चे अल्बम मात्र जिवापाड आवडतात, त्यामुळे हा सोडून द्यावासा वाटत नाही.

ज्यांना आधी आवडला नाही आणि नंतर आवडला, त्यांनाच विचारतो: दुसऱ्या भागात नेमकं काय ऐकल्यावर तो उलगडला? की ॲटमॉस मिश्रणाशिवाय तो अपुराच राहतो?