गांधीनगर एका दिवसात: असं शहर बडोद्याला हवं का?

रावपुऱ्याचा रहिवासी:
रविवारी आईबाबा आणि मुलीला घेऊन गांधीनगर पाहून आलो. सहाला निघालो, एक्सप्रेस हायवेचे 93 किलोमीटर, पुढे अहमदाबादला वळसा घालून साडेआठला घ-4 च्या सर्कलवर. तिथले मोठे उभे रस्ते अक्षरांनी ओळखतात: क, ख, ग, घ, च, छ, ज. आडव्यांना आकडे. पहिलीतली मुलगी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती. "घ नंतर च? मग ङ कुठे गेला?"

दुतर्फा कडुनिंब. बाबा 74 वर्षांचे. सेक्टरच्या आतल्या वाटेनं अर्धा तास चालले, एकदाही हात धरावा लागला नाही. रावपुऱ्यात त्यांना औषधाच्या दुकानापर्यंत एकटं सोडायची छाती होत नाही. 1965 ला ज्याचा पाया घातला त्या शहराला हे जमलं, मग बडोद्याच्या गोत्री, वाघोडिया रोड अशा वाढत्या भागांना का नाही? आणि आराखडा कुणा परदेशी माणसाचा नाही, एच. के. मेवाडा आणि प्रकाश आपटे यांचा.

मांडवीकर:
बाबा चालले, छान झालं. पण वाटेत कुणी भेटलं का त्यांना? मेवाडांनी चंदीगडला, ते शहर आखणाऱ्या वास्तुविशारद ल कॉर्ब्युझियेच्या हाताखाली काम केलेलं, ती छाप इथे दिसतेच. राहायचं एकीकडे, कचेरी दुसरीकडे. सेक्टर 1 किलोमीटर लांब, पाऊण किलोमीटर रुंद. कामानिमित्त मी कितीदा तरी गेलोय, संध्याकाळी सातनंतर तिथल्या रुंद रस्त्यावर उभं राहिलं की जीव घाबरा होतो.

आणि आखलेलं शहर म्हणजे फक्त चौकटी का हो? आपल्या जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या मांडवीतून लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट अशा चार दरवाजांकडे निघालेले चार रस्ते, हीही आखणीच. 1916 साली पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारानं बडोद्यावर अहवाल लिहिला. जुनी वस्ती न पाडता, नेमकं दुखतंय तिथेच हात लावायचा, ही त्या माणसाची रीत. आपल्याला ती हवी.

सेक्टरात वाढलेली, आता कारेलीबाग:
दोघांनाही सांगते. माझं लहानपण तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. शाळा सेक्टरातच, आम्ही पोरं चालत जायचो, आई फाटकापर्यंतसुद्धा यायची नाही. उन्हाळ्यात अंगणभर निंबोळ्या, चपलेला चिकटायच्या, तो वास अजून नाकात आहे. मांडवीकर काका, माणसं नव्हती असं म्हणू नका. संध्याकाळी सेक्टर 21 च्या बाजारात एकदा जा.

पण एक सल आहे. क्वार्टरचे प्रकारही अक्षरांनीच ठरायचे. वर्गात कुणी घराचं अक्षर सांगितलं की त्याच्या वडिलांचा हुद्दा सगळ्यांना कळायचा. बडोद्यात आले तर वाड्यात वकील, शिंपी आणि गवई एकाच नळावर. हे मला फार आवडलं.

रावपुऱ्याचा रहिवासी:
ताई, हुद्द्याचं पटलं, मी पाहुण्यासारखा फिरलो, ते दिसलंच नाही. सावलीचं आणि चालत जाण्याचं मात्र सोडणार नाही. काका, दरवाजे आपला अभिमान आहेतच. पण आज तिथे बाबांना नेऊन दाखवा.

मांडवीकर:
नेतो. पहाटे साडेपाचला, गाड्या सुरू व्हायच्या आत. दुपारी नाही नेता येणार, हे कबूल.